कोकणातल्या मालाचं मार्केटिंग: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत, कुडाळला किंवा अलिबागला एखाद्या छोट्या एजन्सीत नुकतीच लागलेली मुलं, मुंबई-पुण्याची नोकरी सोडून घरची बाग किंवा होमस्टे बघायला आलेली मंडळी, आणि ‘तुला मोबाईलमधलं कळतं ना, मग आमचं पेज तूच सांभाळ’ असं काकाने सांगितल्यामुळे या कामात पडलेले पुतणे-भाच्या, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मार्केटिंगच्या कोर्समध्ये जे शिकवतात ते बहुतेक वेळा वर्षभर विकल्या जाणाऱ्या मालाचं आणि बऱ्यापैकी बजेट असलेल्या कंपन्यांचं असतं. आपल्याकडे हापूसचा खरा जोर दोन-अडीच महिने. होमस्टे मे महिन्यात आणि दिवाळी-नाताळला भरतो, मधे रिकामा. आणि गिऱ्हाईक बसलेलं असतं तीनशे-चारशे किलोमीटरवर, डोंबिवलीत नाहीतर कोथरूडमध्ये. ते न बघता पैसे देतं. त्याच्या मनातल्या शंकांना वेळेआधी खरी उत्तरं देणं हे इथल्या मार्केटिंगचं निम्म्याहून अधिक काम आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

पायरी १: आधी प्रश्न गोळा करा

लोगो, पेज, रील यातलं काहीही करण्याआधी एक वही घ्या आणि आठवडाभर मालकाच्या फोनजवळ बसा. येणारा प्रत्येक फोन, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, त्यातला प्रश्न गिऱ्हाईकाच्याच शब्दांत लिहून काढा. ‘किंमत विचारली’ असं लिहू नका. ‘पेटी कितीची? पाच डझनाची की सहा?’ असं लिहा.

आंब्याच्या बागेत साधारण हे प्रश्न येतात: आंबा तयार येणार की कच्चा? कच्चा आला तर पिकवायचा कसा? साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघाला तर काय? कार्बाईड लावलेला नाही ना? खरंच देवगडचाच आहे ना? पेटी घरी येणार की दादरला जाऊन घ्यायची? होमस्टेचे प्रश्न निराळे: गाडी दारापर्यंत येते का? ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का? समुद्र चालत किती लांब? शाकाहारी जेवण वेगळ्या भांड्यांत करता का? लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का? कुठल्या कंपनीची रेंज मिळते? आजीला पायऱ्या चढता येत नाहीत, खालची खोली मिळेल का?

आता ही वही समोर ठेवून होमस्टेचं पेज उघडा. बहुतेक पेजवर सूर्यास्त, नारळाची झाडं आणि सुरमईचं ताट असतं, आणि वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. तुमचं पहिल्या महिन्याचं काम इथेच मिळालं. ड्रायव्हरच्या खोलीचा फोटो ही पोस्ट होऊ शकते. खालच्या मजल्यावरची खोली, तिच्या दारात किती पायऱ्या आहेत ते दिसेल असा फोटो, ही दुसरी. आजीला घेऊन येणाऱ्या कुटुंबाला सूर्यास्तापेक्षा या फोटोचा उपयोग जास्त आहे.

पायरी २: हंगामाचं पंचांग बनवा

भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावा आणि त्यावर दोन रेघा ओढा. वरच्या रेघेवर माल केव्हा असतो ते, खालच्या रेघेवर गिऱ्हाईक निर्णय केव्हा घेतं ते. या दोन तारखांमधलं अंतर ज्याला कळलं त्याला जाहिरात केव्हा करायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

उदाहरणार्थ गणपती. चाकरमानी भाद्रपदात येतात, पण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे ‘गावी जायचं’ हे त्याआधीच ठरलेलं असतं. गणपतीत घरी पाहुणे फार, जागा पुरत नाही, म्हणून जवळपास खोली शोधणारी कुटुंबं असतात. त्यांच्यासाठीची पोस्ट चतुर्थीच्या आठवड्यात टाकून काही हाती लागत नाही. आरक्षण उघडतं त्या दिवसांत ती दिसायला हवी.

हापूसचं तसंच. मोहोर थंडीत येतो, वाशीच्या बाजारात पहिल्या पेट्यांची बातमी जानेवारी-फेब्रुवारीत झळकते, सामान्य गिऱ्हाईकाला परवडणारा माल एप्रिलपासून, आणि मेअखेरीला उरलेलं फळ कॅनिंगला जातं. मोहोराच्या दिवसांत बागेतले फोटो टाकायला सुरुवात करा. तेव्हा विकायला काही नसतं आणि म्हणूनच लोक निवांतपणे बघतात. फवारणी कशाची केली, पाऊस अवेळी आला तर मोहोराचं काय झालं, हे सगळं सांगा. म्हणजे यंदा फळ कमी का आणि दर चढा का, हे एप्रिलमध्ये समजावत बसावं लागत नाही.

कागदावर आणखी काय मांडाल: काजू आणि कोकम उन्हाळ्यातले. अलिबागचा पांढरा कांदा माळांमध्ये विकला जातो, त्याचेही दिवस ठरलेले. शिमग्याला रत्नागिरी जिल्ह्यात पालख्या निघतात, मुंबईकर गावात असतो. वेळासला कासवांची पिल्लं बघायला पर्यटक मार्च-एप्रिलच्या सुमारास येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे ‘ताजी मासळी’ म्हणून खानावळीची जाहिरात त्या दिवसांत करायची असेल तर खाडीची मासळी आहे की बर्फातली, ते स्वच्छ सांगा. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणून ती जागा कागदावर रिकामी ठेवा आणि तारीख जाहीर झाली की भरा.

इथे गुगल ट्रेंड्स हे फुकटचं साधन फार कामाचं आहे. प्रदेश म्हणून महाराष्ट्र निवडा, काळ मागची पाच वर्षं ठेवा आणि ‘हापूस आंबा’, ‘अल्फान्सो मँगो’, ‘तारकर्ली’, ‘दापोली होमस्टे’ असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाकून बघा. शोध कुठल्या आठवड्यात चढायला लागतो ते आलेखात सरळ दिसतं. तो चढ सुरू होण्याआधी तीन-चार आठवडे तुमचं काम लोकांसमोर असलं पाहिजे. लोक मराठीत शोधतात की इंग्रजीत, हेही तिथेच कळतं आणि मथळा कोणत्या भाषेत लिहायचा हा घरातला वाद मिटतो.

पायरी ३: काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. नवीन लोक हीच टाळतात आणि नाव खराब होतं ते इथेच.

‘हापूस’ला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं २०१८ साली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी ते आहे. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था अशांनी त्यासाठी खटपट केली. मानांकन मिळालं म्हणजे या जिल्ह्यांतला कुणीही उठून आपल्या खोक्यावर जीआयचं चिन्ह छापू शकतो असं नाही. बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. तुम्ही ज्याचं काम घेताय त्याला पहिल्याच भेटीत विचारा: नोंदणी झाली आहे का? प्रमाणपत्राचा फोटो मिळेल का? नसेल तर नोंदणी करून घ्या. तोपर्यंत पोस्टरवर ते चिन्ह वापरू नका. दुसऱ्या राज्यातला आंबा ‘देवगड’ म्हणून खपवला जातो याबद्दल आपण रास्त तक्रार करतो. मग आपली कागदपत्रं चोख असलीच पाहिजेत.

असंच मानांकन रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला, वेंगुर्ल्याच्या काजूला, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला आणि सावंतवाडीच्या गंजिफांना (हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना) आहे. एवढी मोठी शिदोरी हाताशी असताना आपले लोक ‘बेस्ट क्वालिटी’ लिहून मोकळे होतात, हे बघून वाईट वाटतं.

खाद्यपदार्थ असेल तर पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक लागतो. त्याशिवाय उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, घटक, बॅच, तारीख, किती दिवसांत वापरायचं, सर्व करांसह किंमत, शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह आणि तक्रारीसाठी संपर्क. कोकम आगळाची बाटली असो की फणसाचे तळलेले गरे, लेबलचं डिझाईन करताना या गोष्टींसाठी जागा आधी आखा, चित्र नंतर. चित्र आधी टाकलं की वजन-किंमत कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत जाते.

काही शब्द जपून वापरा. ‘सेंद्रिय’ किंवा ‘ऑरगॅनिक’ हा शब्द प्रमाणपत्राशिवाय लेबलवर चालत नाही. एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय शेतीच्या दोन सरकारी योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र हवं. शेणखत घालतो म्हणून बाग आपोआप सेंद्रिय ठरत नाही. नुसतं ‘शेणखतावर वाढवलेली कलमं’ असं लिहा, ते खरं आहे आणि वाचायलाही जास्त चांगलं आहे. कोकम सरबताने अमुक आजार बरा होतो असं कधीही लिहू नका. रोग बरे करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. कार्बाईडने फळ पिकवायला बंदीच आहे, तेव्हा ‘आम्ही कार्बाईड वापरत नाही’ ही बढाई होऊ शकत नाही. त्यापेक्षा आंबा कसा पिकवता ते दाखवा: भाताच्या पेंढ्याची आढी, त्यात मांडलेली फळं, दोन दिवसांनी बदललेला रंग. एका फोटोमालिकेत काम होतं.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं २०२२ साली आली. पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. इन्फ्लुएन्सरकडून व्हिडिओ करून घेतला आणि त्याला पैसे, फुकट मुक्काम किंवा चार पेट्या दिल्या, तर त्याने तो व्हिडिओ जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगायला हवं. जाहिरात मानक परिषदेची म्हणजे एएससीआयची नियमावली त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे. नवख्याने ती एकदा शांतपणे वाचावी.

इतिहासाचे दावेही तपासून घ्या. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले कोकणातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. मुरुडचा जंजिरा त्या यादीत नाही. तरी ‘जागतिक वारसा जंजिऱ्याजवळ राहा’ अशा ओळी कुणीतरी लिहिणारच. तुम्ही लिहू नका.

पायरी ४: गुगलच्या नकाशावर घर बरोबर दिसू द्या

गुगल बिझनेस प्रोफाईल फुकट आहे. होमस्टे, खानावळ, काजूचा कारखाना, बागेतलं विक्री केंद्र, सगळ्यांसाठी. वेबसाईट नसली तरी चालेल, हे नसलं तर चालणार नाही.

आपल्याकडे खरी अडचण पत्त्याची असते. घर वाडीत, वाडी सड्याखाली, आणि पिन पडते ग्रामपंचायतीवर किंवा हायवेवर. रात्री आठ वाजता मुलांना घेऊन आलेलं कुटुंब चुकीच्या पाणंदीत गाडी घालतं आणि उलट फिरवायला जागा नसते. म्हणून स्वतः फाटकात उभं राहून पिन लावा. मग हायवे सोडल्यापासून घरापर्यंतचं प्रत्येक वळण मोटरसायकलवरून फिरून टिपा आणि जिथे माणूस गोंधळेल तिथे थांबून फोटो काढा: शाळेजवळचा फाटा, देवळाची कमान, साकव. फोटोवर बाण काढून ते प्रोफाईलवर चढवा आणि बुकिंग झालं की पाहुण्याला पाठवा. दिवसाचेच नव्हे, अंधारातलेही फोटो घ्या. हे काम एका दुपारचं आहे आणि ‘आम्ही कुठे वळायचं?’ हे फोन एकदम कमी होतात.

नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत ठेवा, मुख्य वर्ग नेमका निवडा, आणि गणपतीत किंवा पावसाळ्यात बंद असाल तर तसं त्या त्या तारखांना नोंदवा. परीक्षणं आली की उत्तर द्या, विशेषतः वाईट परीक्षणाला. दोन ओळी पुरतात: काय झालं होतं, आता काय बदललं. नातेवाइकांकडून पाच-पाच तारे लावून घेऊ नका. वाचणाऱ्याला ते कळतं.

पायरी ५: व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस नीट लावा

इथला धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो, त्यामुळे यात वेळ घाला. कॅटलॉगमध्ये माल फोटोसह चढवा. वहीतल्या प्रश्नांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’ म्हणून साठवा. ‘नवीन’, ‘पैसे आले’, ‘पेटी निघाली’, ‘तक्रार’ अशी लेबलं लावा. ब्रॉडकास्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, हे अनेकांना माहीत नसतं आणि मग ‘मेसेज टाकला पण कुणी उत्तर दिलं नाही’ असं होतं. म्हणून प्रत्येक पेटीत एक छोटं कार्ड टाका: पिकवण्याच्या सूचना, नंबर, आणि ‘पुढच्या काढणीची तारीख कळायला हा नंबर सेव्ह करा’ एवढी ओळ.

आता मेसेजचं बघू. सर्रास दिसणारा मेसेज असा असतो: ‘अस्सल देवगड हापूस!!! नैसर्गिकरीत्या पिकवलेला!!! त्वरा करा, मर्यादित साठा!!!’ यात गिऱ्हाईकाला हवी असलेली एकही माहिती नाही. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘नमस्कार. आमच्या बागेतली पुढची काढणी ८ एप्रिलला आहे. पेटी पाच डझनाची, फळ साधारण २२५ ते २५० ग्रॅमचं. ठाणे-मुंबईत घरपोच ३,५०० रुपये. आंबा कच्चा पोचेल, घरी पेंढ्यात ठेवलात की पाच-सहा दिवसांत तयार होईल. फळात साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत करू. पेटी हवी असल्यास ५ तारखेपर्यंत फक्त नाव आणि पिनकोड पाठवा.’

साक्याचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. साका बाहेरून ओळखता येत नाही, ना बागायतदाराला ना घेणाऱ्याला. गिऱ्हाईकाच्या मनात ती धास्ती असतेच. आपण आधीच बोललो की ते निर्धास्त होतं. मालक म्हणेल, ‘कशाला आपणहून काढायचं?’ तेव्हा त्याला वही दाखवा, हा प्रश्न किती वेळा आलाय ते मोजून.

एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांप्रमाणे डीएलटी, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या प्रणालीवर पाठवणाऱ्याची नोंदणी लागते. आणि एका बागायतदाराच्या गिऱ्हाईकांची यादी दुसऱ्याला द्यायची नाही, कितीही ओळखीचा असला तरी. ती माणसांनी एका माणसावर विश्वास ठेवून दिलेली माहिती आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीचीच अट घालतो.

पायरी ६: फोटो, भाषा, अक्षरं

फोटोला चांगला मोबाईल पुरतो. सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर काढा. इंटरनेटवरून उचललेला आंब्याचा फोटो वापरू नका, तो बहुतेक वेळा हापूस नसतोच आणि बागायतदार मंडळी ते एका नजरेत ओळखतात. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) फळ उतरवतानाचा हात, देठ ठेवून काढलेलं फळ, वजनकाट्यावर ठेवलेली पेटी, अशा खऱ्या कामाच्या फोटोंना तोड नाही.

भाषेबद्दल एक कळकळीची विनंती. ‘येवा, कोकण आपलोच असा’ ही ओळ गोड आहे, पण आता ती प्रत्येक बोर्डावर, प्रत्येक टी-शर्टवर आहे. तुमच्या होमस्टेबद्दल ती काहीच सांगत नाही. मालवणी वापरायची तर घरातल्या बाईला कॅमेऱ्यासमोर सोलकढी कशी करते ते तिच्या बोलीत सांगू द्या. गुहागर-संगमेश्वरकडे मालवणी नाही, तिथली बोली वेगळी. अलिबागला आगरी. सगळ्या कोकणाला एकच मालवणी चिकटवली की तिथल्याच लोकांना ते परकं वाटतं.

डिझाईनला कॅनव्हाची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुष्कळ झाली. देवनागरीसाठी मुक्त, बालू, यात्रा वन हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, व्यावसायिक वापरालाही चालतात. जोडाक्षरं मोठी करून तपासा. आणि तालुक्याच्या गावी फ्लेक्स छापायला देताना एक खबरदारी घ्या: अनेक छापखान्यांत अजून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तुमचा मजकूर तिथे उघडला की वेलांट्या भलतीकडे जातात. मजकुराचं रूपांतर आकृतीत करून पीडीएफच द्या आणि छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचून या.

पायरी ७: मोबाईलबाहेरच्या वाटा

प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ असतं आणि त्याच्या बैठका, स्नेहसंमेलनं, क्रिकेटचे सामने होतात. तिथे पन्नास माणसांसमोर पाच मिनिटं बोललात तर महिनाभराच्या पोस्टइतकं काम होतं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये एकेक खात्रीचा माणूस धरा, तो वीस घरांची मागणी एकत्र करतो, वाहतूकही स्वस्त पडते. पणन मंडळ पुण्यात आंबा महोत्सव भरवतं, त्यात गाळा कसा मिळतो ते हंगामाआधी विचारून ठेवा. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र आणि जिल्हा आवृत्त्यांच्या पुरवण्या स्थानिक मालासाठी अजून चांगल्या चालतात. दशावताराच्या किंवा नमनाच्या प्रयोगाला मदत करून मंडपात एक साधा फलक लावता येतो. तिथे माणसं मन लावून बसलेली असतात.

जलक्रीडांचं काम आलं तर आधी महाराष्ट्र सागरी मंडळाची परवानगी बघा, लाईफ जॅकेट मोजा, मगच कॅमेरा काढा. आणि प्रत्येक फोटोत माणसांनी जॅकेट घातलेलं दिसलं पाहिजे. वेळासची जाहिरात करत असाल तर पिल्लांवर फ्लॅश मारलेला एकही फोटो वापरू नका. जागा ‘गुप्त बीच’ म्हणून उघड करण्याआधी गावाला विचारा. कचरा त्यांना उचलावा लागतो.

पायरी ८: पैसे खर्चून जाहिरात

वरचं सगळं झाल्यावरच. मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीची) अ‍ॅड लायब्ररी उघडा, देश भारत निवडा आणि ‘हापूस’ शोधा. सध्या कोण काय जाहिरात करतंय ते सगळं फुकट बघायला मिळतं. काय लिहायचं नाही तेही तिथेच कळतं.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारी छोटी जाहिरात लावा आणि ठिकाण निवडताना जिथे पेटी खरोखर पोचवू शकता तेवढेच भाग घ्या. हिशेब असा ठेवा: समजा ३,००० रुपये खर्च झाले, ६० जणांनी मेसेज केला, १२ पेट्या गेल्या. म्हणजे एका पेटीमागे २५० रुपये. पेटीत वाहतूक-पॅकिंग वजा जाता ४०० उरत असतील तर हातात १५० पडतात. हे मालकाला कागदावर दाखवा. ‘पोस्ट किती लोकांनी बघितली’ यात त्याला रस नसतो आणि नसावाच. त्या १२ पैकी कितीजण मे महिन्यात परत मागतात ते बघा, कारण दुसऱ्या पेटीला जाहिरातीचा खर्च नसतो. प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ विचारा आणि लिहा. पोस्टर, कार्ड आणि इन्स्टाग्रामसाठी यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी खूण) लावलेल्या वेगवेगळ्या लिंक आणि क्यूआर कोड करता येतात, वेबसाईट असेल तर गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ते दिसतं. वेबसाईट नसेल तर वही पुरे.

शिकायचं कुठे

गुगल स्किलशॉप, मेटा ब्लूप्रिंट आणि हबस्पॉट अकॅडमी, तिन्ही ठिकाणी मोफत अभ्यासक्रम आहेत. आधी गुगल जाहिरातीतला ‘सर्च’चा आणि हबस्पॉटचा मजकूर-लेखनाचा करा, बाकीचे गरज पडेल तसे. मालाची माहिती मात्र तिथे मिळत नाही. त्यासाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ, वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, ‘अ‍ॅग्रोवन’, आणि पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे बाजारभाव. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ देऊ नका. योजना आणि कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्र. पर्यटनाचं असेल तर राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी-निवास आणि कृषी पर्यटनाची नोंदणी होते. ती असली की लिहायला एक भक्कम गोष्ट मिळते.

व्यवहाराचं थोडं

प्रोफाईल, पेज, जाहिरात खातं, सगळं मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या नंबरवर उघडा. तुम्ही फक्त व्यवस्थापक म्हणून जोडले जा. काम सोडताना गिऱ्हाईकांची यादी, फोटोंचे मूळ संच आणि पासवर्ड एका पाकिटात देता आले पाहिजेत. मोबदला महिन्याचा ठरवा आणि हंगामाआधीचे दोन महिने त्यात धरा. पेटीमागे कमिशनवर सुरुवात करू नका, कारण मोहोर गळाला तर त्या वर्षी तुमच्या मेहनतीचं काहीच हाती येत नाही. जाहिरातीचा खर्च मालकाच्या कार्डावरून जाऊ द्या. काय करणार, किती पोस्ट, फोटोला कोण येणार, तक्रारीचा फोन कोण घेणार, हे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सही करा. नात्यातलं काम असेल तर ही सही आधी घ्या.

जून लागला, बाग रिकामी झाली की मालकाला घेऊन एक दिवस बसा. ज्यांनी तक्रार केली होती त्यांना त्याने स्वतः फोन करावा, ज्यांनी दोनदा-तीनदा पेटी घेतली त्यांची वेगळी यादी करावी, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या काढणीचा मेसेज या लोकांना सगळ्यांच्या आधी जाईल असं ठरवून टाकावं.